नाळ कापायची एवढी घाई का नाही?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, नुकतीच लेकीची नॉर्मल डिलिव्हरी झाली, मी आतच होते. बाळ बाहेर आलं तर सिस्टरने टॉवेलने पुसून तसंच उघडं तिच्या छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली, आणि नाळ कापायचं नावच नाही, डॉक्टर आपल्या शांत उभ्या! मी तर घाबरलेच. आंघोळ पण दुसऱ्या दिवशी. माझ्या वेळी, १९९१ ला, बाळाला उलटं धरून पाठीवर थापटलं, नळीने नाकातोंडातलं ओढलं, वजन, आंघोळ, सगळं उरकून कितीतरी वेळाने माझ्याकडे दिलं. मग तेव्हाचं चूक होतं की आताचे लोक आळशी झालेत?
– एक नवी आजी

उत्तर: काकू, आळशी नाहीत हो, मुद्दाम हात आवरून उभे असतात ते, आणि लेबर रूममध्ये हे किती अवघड असतं ते आम्हालाच माहीत!

आधी नाळेचं बघू. बाळ बाहेर आलं तरी त्याचं बरंचसं रक्त अजून वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असतं, ते पुढच्या एक-दोन मिनिटांत नाळेतून बाळाकडे येतं. लगेच चिमटा लावला की ते वारेबरोबर फेकलं जातं, म्हणजे त्यातलं लोह पण गेलं, जे बाळाला पहिले सहा महिने पुरवायचं असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की किमान १ मिनिट थांबा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना तर याचा फायदा आणखी जास्त. मग आधी घाई का करायचे? तर १९६० च्या दशकात आईचा रक्तस्राव कमी करायला एक पॅकेजच आलं, इंजेक्शन द्या, नाळ पटकन कापा, वार हलके ओढून काढा. पुढे कळलं की खरं काम इंजेक्शनचं आहे, नाळेच्या घाईने आईला काहीच फायदा होत नव्हता. गंमत म्हणजे चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, ते स्वतः डॉक्टर होते, १८०१ मध्येच लिहून ठेवलंय की नाळ घाईने बांधणं बाळाला बाधतं. ऐकतंय कोण!

हां, थांबल्यामुळे थोड्या बाळांना कावीळ जास्त होऊन लाइटखाली ठेवावं लागू शकतं, त्यावर लक्ष ठेवायचं. आणि पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वासच घेत नसेल तर मात्र थांबायचं नाही, नाळ लगेच कापून श्वासाला मदत करायची.

उलटं धरून थापटणं तर गेलंच. पुसून पाठ चोळली की बहुतेक बाळं रडतात. नळीचं म्हणाल तर ती घशात खोल गेली की ठोके मंदावू शकतात, म्हणून आता श्वासाची वाट अडली असेल तरच सक्शन. ऑक्सिजनचं पण तसंच, दिवस भरलेल्या बाळाला श्वासासाठी मदत लागली तर पूर्वी सरळ १०० टक्के द्यायचे, आता सुरुवात साध्या हवेने.

आंघोळीचं कारण सोपं आहे, ओलं बाळ पटकन गार पडतं, अंगावरचा पांढरा चिकट थर त्वचेला हवाच असतो, म्हणून शक्यतो २४ तास थांबायचं. आणि छातीवर ठेवायचं हे काही लाड म्हणून नाही. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटामध्ये इनक्युबेटर अपुरे पडायचे म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवायला लागले, आणि ती छान तगली. आता तर धडधाकट बाळाला पण तसंच ठेवतात, ऊब मिळते, आणि थोडा वेळ दिला की ते स्वतःच डोकं हलवत, तोंड उघडत, सरकत सरकत स्तनाकडे जातं. वजनाचं नंतर बघता येतं.

प्रश्न: मला आठवा महिना आहे, सिझेरियन ठरलंय. सगळं नॅचरलच चांगलं असेल तर बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन नको म्हणून सांगू का? आणि सिझर असेल तर बाळ छातीवर ठेवतात का?

उत्तर: नको म्हणू नका, प्लीज. व्हिटॅमिन के वारेतून बाळाकडे फार कमी जातं, अंगावरच्या दुधात पण कमीच, आणि त्याच्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. अशा बाळाला काही आठवड्यांनी अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तोही आधी काही लक्षण न दिसता. १ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, मांडीत, विषय संपला.

कमरेतून भूल असेल तर तुम्ही जाग्या असता, त्यामुळे बाळ छातीवर ठेवता येतं. फक्त आधीच विचारून ठेवा, म्हणजे तुमचे ठोके बघायच्या ईसीजीच्या पट्ट्या बाजूला लावतात आणि एक हात मोकळा ठेवतात.