आजोबांची जुनी टाटामोबाईल पिकअप पुन्हा चालती करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९९२ची टाटामोबाईल २०६ त्यांच्या माघारी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे. मेस्त्री म्हणतो इंजिन खोलू, चुलते म्हणतात भंगारात घाला, आणि तुम्हाला ती रस्त्यावर आणायची आहे. आमच्या आजोबांचीही हीच गाडी, शिरोळ तालुक्यातली. उसाच्या बेण्यापासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत सगळं तिनं वाहिलंय आणि आज ती चालते. तेव्हा माझं मत ऐका: मेस्त्रीला थोडं थांबवा. आधी कागद, मग चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), मग ब्रेक, त्यानंतर इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. मेस्त्रीला हा क्रम पटणार नाही, कारण कागदांत त्याला काम नसतं.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, अजून आजोबांच्याच नावावर असणार. नियम असा आहे की मालक वारल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. खेड्यात हे वेळेत कोण करतं? उशीर झाला तरी दंड भरून काम होतं. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आरसी हरवली असेल तर आधी फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढा. बाकीचे वारस म्हणजे नुसते काका नव्हेत, आत्यासुद्धा. त्यांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी कोंबड्यांचं खुराडं झालेली असते तोवर सगळे हसत सही करतात. रंग लागून दारात उभी राहिली की एकेकाला तिच्यातला आपला वाटा आठवायला लागतो.

आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे का तेही बघा. त्या काळी बऱ्याच पिकअप बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या कर्जावर यायच्या. कर्ज फिटायचं, पण आरसीवरचा बोजा उतरवायला कोणी जायचं नाही. तो उतरवायला फॉर्म ३५ वर त्या संस्थेचा सही-शिक्का लागतो, आणि संस्था अवसायनात निघाली, म्हणजे बंद पडली असेल, तर तिचा कारभार आवरणाऱ्या अवसायकाला गाठावं लागतं. शिवाय आरसी जुन्या पुस्तकाची असेल तर गाडीची नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलीय का ते तपासा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घेईपर्यंत ऑनलाइन अर्ज पुढं सरकतच नाही. थकलेला कर आणि त्यावरचं व्याज किती, हा आकडा हातात आल्याशिवाय गाडीत एक रुपयाही घालू नका.

मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे, पर्यावरण कर आहे, आणि फार जुन्या गाड्यांची शुल्कं अलीकडे चांगलीच वाढवलीत. ती धरूनच हिशेब करा. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलं तर परमिट लागत नाही. लायसन्सचीही काळजी नको: ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. चुलते ज्या ‘जुन्या डिझेल गाड्या बंद’च्या बातम्या दाखवत असतील, तो वाद दिल्ली-एनसीआरचा आहे. १५ वर्षांनी नोंदणी संपण्याचा सरसकट नियमही सरकारी गाड्यांना आहे, तुमच्या आजोबांच्या गाडीला नाही. ‘व्हिंटेज’ नोंदणीचं कोणी सुचवलं तर सोडून द्या. त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही.

आता चासी. गोठ्याशेजारी उभी राहिलेली गाडी म्हणून मी हे जोर देऊन सांगतोय. गोमूत्र, शेणाची वाफ आणि हौद्यात सांडलेलं खत, या तिन्हींनी लोखंड आतून खाल्लं जातं आणि वरून रंग शाबूत दिसतो. गाडी जॅकवर घेऊन खाली झोपा आणि हातोडीनं चासीवर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथं स्क्रू ड्रायव्हर रोवून बघा. मागच्या पाट्यांचे हँगर, बॅटरीखालची जागा, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि हौद्याचे आडवे चॅनेल आधी तपासा. पत्रा बदलता येतो, हौदा नवा बांधता येतो. पण मुख्य चासीच जागोजागी पोकळ झाली असेल तर तिथंच थांबायचं. आणि चासी नंबर कोरलाय तिथं ग्राइंडर नको, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नको, जाड रंगही नको. आरटीओत त्या नंबराचा पेन्सिलनं ठसा घेतात. तो उमटला नाही तर सगळी मेहनत अडकते. नुसता तारेचा ब्रश मारा आणि वर ग्रीस लावून ठेवा.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीचे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. किट टाकून भागवू असं मेस्त्री म्हणेल. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नवीनच घ्या. रबरी होज सगळे बदला. टायरची नक्षी खोल असली तरी भुलू नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे.

इंजिनकडे येऊ. हे ४८३ डीएल, म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी बोअर. ९० मिमी स्ट्रोक धरून १,९४८ सीसी होतात. मेस्त्री बॅटरी जोडून थेट सेल्फ मारायला निघेल, त्याला अडवा. आतल्या रिंगा चिकटलेल्या असतात. चारही हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं हळू फिरवा. दोन्हीकडे थोडं थोडं हलवत सुटलं तर उत्तम. नाहीच सुटलं तर हेड उतरवा, जबरदस्ती करू नका. तोवर डिझेलची टाकी उतरवून धुऊन घ्या. तळाशी काळा चिकट राबडा निघेल. फिल्टर नवे टाका, नोझल आणि इंजिनाचा डिझेल पंप, पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला द्या, रेडिएटर खोलून साफ करा. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घर असणारच, आणि घर असलं की वायरिंगही कुरतडलेलं असतं. अशा वेळी जोड देत बसण्यापेक्षा पूर्ण वायरिंग नवं ओढा.

पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि एका माणसाच्या हातात जाड फळी द्या. पंप आतून चिकटलेला असला तर डिझेल इंजिन स्टार्ट होऊन आपोआप रेस होत जातं, आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मग हवेची वाट बंद करणं हाच उपाय. हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात कधीच नाही.

पार्टची फार चिंता नको. टेल्कोनं (आजची टाटा मोटर्स) ही पिकअप १९८८ मध्ये आणली आणि पुढं तिच्याच पायावर सिएरा, इस्टेट आणि १९९४ ची सुमो उभी केली. सुमो गावोगावी पोचल्यामुळे इंजिनाचे बरेच पार्ट अजून मिळतात. अडतात ते केबिनचे: काचेची रबरं, दाराचे हँडल, मीटर. त्यासाठी भंगारातली दुसरी २०६ शोधावी लागते. मशिनिंगला आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, हेड फेसिंग सगळं तिथं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तुम्ही लांब असाल तर कोणत्याही जुन्या औद्योगिक वसाहतीत असे लेथवाले सापडतील. अख्खं इंजिन बदलायचा सल्ला मिळाला तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर आरसीवर असतो. बदल आरटीओत नोंदवल्याशिवाय पासिंग होणार नाही.

रंगाचं थोडक्यात: जुना रंग खरवडा, इपॉक्सी प्रायमर द्या, लांबी कमीत कमी वापरा. मागच्या फाळक्यावर पेंटरनं हातानं लिहिलेली नावं असतील तर फोटो काढून ठेवा आणि तशीच पुन्हा लिहून घ्या. स्टिकर लावू नका, शोभत नाहीत.

खर्चाचं खरं सांगायचं तर आमचे सगळे मिळून दोन लाखांच्या पुढे गेले आणि त्यात अर्ध्याहून जास्त पत्रा आणि रंगाचे होते, इंजिनाचे नाही. एवढ्या पैशात वापरलेली, बऱ्यापैकी नवी पिकअप शोधता येते. म्हणजे धंद्यासाठी हा व्यवहार तोट्याचा आहे. आजोबांची म्हणून ठेवायची आणि अधूनमधून शेतावर न्यायची असेल, तरच हात घाला.

आणि चासी गेलेली निघाली, किंवा थकीत कराचा आकडा डोळे फिरवणारा निघाला, तर चुलत्यांचं ऐका. पण तेव्हाही गावातल्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर गाडी कापली जाईल आणि आरटीओच्या दप्तरात आजोबांच्या नावावर कर चढतच राहील.