नवे गेम महागले, मग गेमवाले सध्या खेळतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की गेमची आवड असलेले लोक सध्या काय खेळताहेत, आणि नव्या गेमची किंमत ७०-८० डॉलरवर गेलेली असताना तो पहिल्याच दिवशी घेण्यात अर्थ आहे का. मी वीस वर्षांहून जास्त काळ गेम खेळते आहे आणि किमतीचा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आकडे डॉलरमध्ये देते आहे, कारण मोठ्या कंपन्या किंमत आधी त्यातच जाहीर करतात आणि भांडणंही त्याच आकड्यांवरून होतात.

लोक बहुतांशी जुने गेम खेळताहेत. पीसीवर गेम विकणारं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. ते दर वर्षअखेरीला खेळाडूंना वर्षभराचा हिशेब दाखवतं. २०२४च्या हिशेबात सगळ्यांनी मिळून खेळलेल्या वेळापैकी त्या वर्षी आलेल्या गेमच्या वाट्याला फक्त १५ टक्के वेळ आला होता. आठ वर्षं किंवा त्याहून जुन्या गेमना मात्र ३७ टक्के. २०२३मध्ये तर नव्यांचा वाटा ९ टक्केच होता.

यामागे आळस नाही. माइनक्राफ्ट २०११चा आणि जीटीए ५ २०१३चा. पहिल्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत, दुसऱ्याच्या २० कोटींहून जास्त. फोर्टनाइट, रोब्लॉक्स, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ यांत शिरायला पैसेच लागत नाहीत. त्यात एकदा हात बसला, चार मित्र जमले की माणूस तिथेच रमतो. ज्यानं एखाद्या गेममध्ये हजार तास घातलेत, त्याला नव्या गेमच्या किमतीपेक्षा आपली मंडळी तिकडे येणार का हे आधी बघावं लागतं. मी स्वतः दर काही महिन्यांनी स्टारड्यू व्हॅलीकडे परतते. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवलेला हा गेम २०१६मध्ये १५ डॉलरला आला, आजही मूळ किंमत तेवढीच आहे, आणि २०२४मध्ये आलेलं मोठं अपडेटसुद्धा त्यानं फुकट दिलं.

नव्यांमध्ये काय गाजलं ते पाहिलं की किमतीचा प्रश्न आणखी उलगडतो. २०२४च्या जानेवारीत पालवर्ल्ड ३० डॉलरला आला आणि स्टीमवर एकाच वेळी २० लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. पुढच्याच महिन्यात हेलडायव्हर्स २ आला, ४० डॉलरला. त्याच महिन्यात एका अनामिक डेव्हलपरनं बनवलेला पत्त्यांचा बलात्रो आला, १५ डॉलरला. २०२५मध्ये मित्रांनी मिळून डोंगर चढायचा पीक हा गेम ८ डॉलरला मिळत होता, आणि तो लाखोंनी विकला गेला.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते होलो नाइट: सिल्कसाँगबद्दल. टीम चेरी हा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा मोजक्या माणसांचा चमू. त्यांनी हा गेम २०१९मध्ये जाहीर केला आणि लोकांनी सहा वर्षांहून जास्त वाट पाहिली. ४ सप्टेंबर २०२५ला तो आला तेव्हा स्टीमसकट बऱ्याच ऑनलाइन दुकानांचे सर्व्हर गर्दीनं कोलमडले. किंमत २० डॉलर. एवढी वाट पाहायला लावलेल्या गेमला त्यांनी ४० मागितले असते तरी लोकांनी दिले असते, मीही दिले असते. त्यांनी मागितले नाहीत. त्या दिवशी पैसे भरताना मला जे समाधान वाटलं, ते महागड्या गेमच्या वेळी फार क्वचित वाटतं.

त्याच वर्षीचा दुसरा म्हणजे क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३. फ्रान्समधल्या मोंपेलिएचा सँडफॉल इंटरॲक्टिव्ह हा स्टुडिओ, मूळ चमू तीसेक माणसांचा, बाहेरच्यांची मदत वेगळी. गेम दिसायला सत्तरवाल्यांच्या तोडीचा, किंमत ५० डॉलर. डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हा मान त्यालाच मिळाला.

याचा अर्थ महाग गेम पडून राहतात असा नाही. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स ७० डॉलरला होता आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या ८० लाख प्रती गेल्या. ज्याला जे हवंच आहे, तो ते घेतोच.

किमती वाढल्या कशा, ते थोडक्यात. २००५-०६च्या सुमाराला, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आला तेव्हा, मोठ्या गेमची किंमत ६० डॉलरवर बसली आणि जवळपास पंधरा वर्षं तिथेच राहिली. २०२०मध्ये सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि नवा एक्सबॉक्स आला त्या वेळी ती ७० झाली. एनबीए २के२१ हा तसा जाहीर झालेला पहिला मोठा गेम. निन्टेन्डोनं २०२३मध्ये झेल्डाच्या टिअर्स ऑफ द किंगडमला ७० लावले आणि २०२५च्या जूनमध्ये स्विच २ या आपल्या नव्या कन्सोलबरोबर आणलेल्या मारिओ कार्ट वर्ल्डला थेट ८०.

कंपन्यांची बाजू खोटी नाही, हे मी मान्य करते. महागाई धरली तर २००६चे ६० डॉलर म्हणजे आजचे ९५च्या आसपास. नव्वदच्या दशकात गेम कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीत, यायचे आणि तिच्यातल्या चिप्स महाग असायच्या, त्यामुळे सुपर निन्टेन्डो या तेव्हाच्या कन्सोलचे काही गेम तेव्हाच ७०च्या घरात होते. बनवायचा खर्चही अफाट वाढलाय. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं की द लास्ट ऑफ अस पार्ट २ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला सुमारे २१ कोटी. शेकडो माणसांचा पाच-सहा वर्षांचा पगार आहे तो.

तरीही महागाईचं हे गणित मला अर्धवट वाटतं. २००६मध्ये ६० डॉलर दिले की हातात डिस्क यायची. खेळून झाली की मित्राला द्या, जुन्या मालाच्या दुकानात विका, दहा वर्षांनी पुन्हा लावा. आता बहुतेक गेम डाउनलोडनं येतात. डिस्क छापायचा, ट्रक भरायचा खर्च गेला, पण ते पैसे आपल्याला परत मिळाले नाहीत, आणि विकण्याचा, उसना देण्याचा हक्कही गेला. वर डीएलसी (नंतर वेगळे पैसे घेऊन विकलेला जादा भाग), बॅटल पास (खेळत गेलं की बक्षिसं देणारा विकतचा पास), स्किन (पात्रांचे विकतचे पोशाख). स्टारफील्ड या गेमच्या वेळी १०० डॉलरची आवृत्ती घेणाऱ्यांना गेम पाच दिवस आधी खेळायला मिळाला. म्हणजे बाकीच्यांनी पूर्ण ७० भरूनही रांगेत मागेच राहायचं. आणि द क्रू हा २०१४चा गाड्यांचा गेम आठवा. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्या लोकांनाही तो खेळता येईनासा झाला. किंमत वाढली म्हणताना आपल्याला मिळतं काय, तेही मोजायला हवं ना?

आणि आपण बोललो तर फरक पडतो. मायक्रोसॉफ्टनं २०२५च्या मे महिन्यात सांगितलं की वर्षअखेरीला येणारे त्यांचे काही गेम ८० डॉलरचे असतील. द आउटर वर्ल्ड्स २ तसा जाहीरही झाला. लोकांनी जोरदार नाराजी व्यक्त केली आणि जुलैमध्ये तो पुन्हा ७०वर आणला गेला. ज्यांनी आधीच नोंदवला होता त्यांचे पैसे परत मिळाले.

मला खरं दुःख होतं ते गेमच्या किमतीपेक्षा कन्सोलच्या किमतीचं. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, आणि ज्यांच्याकडे पैसे कमी त्यांची पाळी तेव्हा यायची. पीएस२ अमेरिकेत २०००मध्ये ३०० डॉलरला आला, २००२मध्ये २००वर उतरला आणि २००९मध्ये १००ला मिळत होता. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी गेमच्या जगात पहिलं पाऊल अशाच उतरलेल्या किमतीवर टाकलं. आता उलटं चाललंय. डिस्कवाला पीएस५ २०२०मध्ये ५०० डॉलरला होता, ऑगस्ट २०२५मध्ये तो ५५० झाला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ५००चा ६५० झाला. पाच वर्षं जुनं यंत्र नव्यापेक्षा महाग! आयात शुल्क, चिप्स पूर्वीसारख्या स्वस्त न होणं, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या किमती चढवणं, अशी कारणं आहेत, आणि ती खरीही आहेत. पण आज चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाला या छंदात यायचं असेल तर दार आमच्या वेळेपेक्षा अरुंद झालंय. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

सबस्क्रिप्शन हा त्यावरचा उपाय म्हणून सांगितला जायचा. मायक्रोसॉफ्टचा गेम पास, म्हणजे दरमहा पैसे भरून बरेच गेम खेळायची योजना, २०१७मध्ये महिना १० डॉलरला सुरू झाला. त्याचा सर्वांत वरचा अल्टिमेट प्लॅन ऑक्टोबर २०२५मध्ये २०वरून ३०वर गेला. त्या दरानं वर्षाचे ३६० झाले, म्हणजे ७० डॉलरचे पाच गेम. तुम्ही वर्षाला पाचाहून जास्त नवे मोठे गेम खरोखर खेळून संपवता का, ते स्वतःला विचारा. मी तीनसुद्धा संपवत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कंपनीचा गेम महिनाभर आधी, महागड्या आवृत्तीत नोंदवून घेतला होता. पहिल्या आठवड्यात तो दर तासाला बंद पडायचा, एकदा तर माझं सेव्हच, म्हणजे तोवरच्या खेळाची नोंदच, उडालं. आठ महिन्यांनी तोच गेम दुरुस्त होऊन, दोन डीएलसींसकट निम्म्या किमतीत मिळत होता. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्यांनी सगळ्यात वाईट गेम खेळला. तेव्हापासून मी आगाऊ नोंदणी पूर्ण थांबवली.

पूर्ण किंमत मी आता ठरावीक वेळीच देते. मित्रमैत्रिणी सगळे एकदमच सुरू करणार असतील तर देते, कारण ती मजा सहा महिन्यांनी सेलमध्ये मिळत नाही. कथा महत्त्वाची असेल आणि कुणी तरी शेवट फोडेल अशी धास्ती असेल तरी देते. आणि लहान चमूंना तर आनंदानं देते. बाकी सगळं विशलिस्टमध्ये टाकायचं, किंमत उतरली की ईमेल येतो. सेलमधली किंमत खरंच कमी आहे का, हे 'इज देअर एनी डील' या साइटवर जुन्या किमतींशी ताडून पाहता येतं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे पहिले दोन तास नुसते मेनू आणि सेटिंगमध्ये घालवू नका. एपिक स्टोअर हे पीसी गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान २०१८पासून नियमितपणे फुकट गेम देतंय, खातं उघडून ते घेत राहा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत. मारिओ कार्टसाठी दोन वर्षं थांबून तुमचे थोडेच पैसे वाचतील आणि दोन वर्षं मात्र हातची जातील. तो हवाच असेल तर आत्ताच घ्या आणि घरातल्या सगळ्यांना खेळू द्या.

नाही तर त्याच ८० डॉलरमध्ये सिल्कसाँग, बलात्रो, स्टारड्यू व्हॅली आणि पीक असे चारही गेम मूळ किमतीत येतात आणि २२ डॉलर उरतात. सिल्कसाँग अवघड आहे, आधीच सांगते. पहिल्या दहा तासांत मी तीनदा कंट्रोलर खाली ठेवला होता आणि तिन्ही वेळा अर्ध्या तासात परत उचलला. पीक एकट्यानं खेळू नका, दोन-तीन जणांना आधी फोन करा.

तुमच्याकडे पीसी आहे की कन्सोल, आणि एकटे खेळता की कुणाबरोबर, ते खाली लिहिलंत तर त्याप्रमाणे आणखी नावं सुचवते.