बाकीची हाडं प्लास्टरमध्ये जुळतात, मग आईच्या खुब्याचा बॉल का बदलायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, घरातच पाय घसरून पडल्या, खुब्यात फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणतात बॉल बदलावा लागेल. ओळखीतल्या एका काकांचाही खुबाच मोडला होता, त्यांना नुसता रॉड टाकला आणि हाड छान जुळलं. मग आईंच्या बाबतीत एकदम बदलायचीच भाषा का, आणि आठ-पंधरा दिवस थांबून बघितलं तर?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण ते झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पलंगावरून खाली उतरवणं हेच माझं रोजचं काम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबू नका. कारण पुढे येईलच.

‘खुबा मोडला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान दोन निराळी फ्रॅक्चर येतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो (डॉक्टर म्हणतात तो ‘बॉल’ हाच), गोळ्याखाली तिरकी मान आणि मानेच्या बुंध्याशी दोन उंचवटे. काकांचं बहुधा या उंचवट्यांमधून मोडलं असणार. तिथलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं, भोवती स्नायूंची दाटी. असं हाड मोडलं की आधी रक्त साकळतं, त्या गुठळीत पेशी शिरतात, कुर्चेसारखी मऊ गाठ धरते आणि काही आठवड्यांत तिच्यात कॅल्शियम भरून ती टणक होते. यातलं काहीच रॉड करत नाही. हाड आपलं काम उरकेपर्यंत दोन्ही तुकडे धरून ठेवायचे, एवढीच त्याची नोकरी.

त्याच्या दोन बोटं वर, मानेत मोडलं की सगळं गणित फिरतं. मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते. इतर हाडांवर जे आवरण असतं, त्याचा नवीन हाड तयार करणारा आतला थर इथे जवळजवळ नसतोच, त्यामुळे बाहेरून गाठ धरत नाही. शिवाय सांध्यातलं पाणी गुठळी नीट टिकू देत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोळ्याला मिळणारं बरंचसं रक्त मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांमधून येतं. मान मोडून सरकली की त्या तुटतात किंवा पिळल्या जातात. मग स्क्रू कितीही सुबक बसवा, काही महिन्यांनी रक्ताविना गोळाच मरून चपटा व्हायची भीती असते. प्लास्टरचं म्हणाल, तर या जागेला ते धरूच शकत नाही.

२०१७ साली ‘फेथ’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेचं फ्रॅक्चर झालेले, पन्नाशीच्या पुढचे १,१०८ रुग्ण, सगळ्यांना स्क्रूनेच हाड जोडून दिलेलं. प्रश्न एवढाच होता की कोणत्या प्रकारचा स्क्रू बरा. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दोन वर्षांत पुन्हा टेबलावर जावं लागलं, आणि त्यांच्यात मान फारशी न सरकलेलेही बरेच होते. म्हणून सर्जनना एकच विचारा: “मान मोडलीय ना, आणि ती सरकलीय का?” उत्तर ‘हो’ आलं, तर या वयात बॉल बदलणं हाच सरळ मार्ग. न सरकलेली असेल तर स्क्रूचा विचार होऊ शकतो.

पुढचा प्रश्न तुम्हाला पडणारच, म्हणून आत्ताच लिहितो: नुसता बॉल की तो ज्या वाटीत फिरतो तिच्यासकट अख्खा सांधा? २०१९ च्या ‘हेल्थ’ अभ्यासात १,४९५ रुग्ण होते. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण अख्ख्या सांध्यात ७.९ टक्के, नुसत्या बॉलमध्ये ८.३, म्हणजे फरक नाहीच. तेव्हा ‘अर्धाच बदलतायत’ म्हणून आपल्याला काहीतरी कमी दिलं असं वाटून घेऊ नका.

आता थांबण्याबद्दल. ‘हिप अटॅक’ नावाच्या अभ्यासात (२०२०, १७ देश, २,९७० रुग्ण) एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. नव्वद दिवसांतल्या मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, ९ टक्के आणि १० टक्के. (हो, आकडे एवढे मोठेच असतात. खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे साधा मोडका हात नव्हे.) पण लवकर झालेल्यांमध्ये भ्रम होण्याचं प्रमाण कमी निघालं, ते उभे लवकर राहिले आणि घरीही लवकर गेले. म्हणजे बीपी-शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यासाठी डॉक्टरांनी काही तास मागितले तर घाबरू नका, ते द्या. आठ-पंधरा दिवस मात्र देऊ नका. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाडापेक्षा न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायातली गुठळी जास्त छळतात. मी ते वॉर्डात बघतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत हे कळलंच, आणि दुसरं हाडही रांगेत आहे. म्हणून हाडांचा ठिसूळपणा रोखणाऱ्या औषधाबद्दल विचारा, उदाहरणार्थ वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन. २००७ च्या अभ्यासात २,१२७ रुग्णांपैकी अर्ध्यांना ते खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत सुरू केलं होतं. त्यांच्यात नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली. आधी व्हिटॅमिन डी आणि किडनी बघावी लागते, सगळ्यांना ते चालत नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे ते असतं आणि याबद्दल अक्षर नसतं, तेव्हा तुम्हीच विषय काढा.

राहता राहिला ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. आईंना मी (म्हणजे माझ्यासारखं कुणीतरी) पलंगाच्या कडेला बसवेन. चक्कर येईल, चेहरा पांढरा पडेल, दोन मिनिटं तशीच जाऊ देऊ. मग वॉकर पुढ्यात. दोन्ही हातांची पकड इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी होतात. ऑपरेशनचा पाय जणू जमिनीला चिकटलेला असतो, टाच उचलतच नाही. “पडेन मी, नको,” असं जवळपास प्रत्येकजण म्हणतो. बॉल बसवलेला असला तर त्या पायावर बहुतेकदा पहिल्याच दिवसापासून पूर्ण वजन टाकता येतं, सर्जननी वेगळं सांगितलं नसेल तर. तेव्हा तुम्ही खोलीत असाल, आईंचे डोळे भरून येतील आणि त्या तुमच्याकडे बघतील. त्या क्षणी ‘राहू दे, उद्या बघू’ एवढं मात्र म्हणू नका.