‘तिन्ही विषय आर्ट्सचेच?’ : सिक्स्थ फॉर्मचे विषय निवडताना

लंडनच्या पश्चिमेला राहणारं एक मराठी कुटुंब. मुलगी इयर ११मध्ये, म्हणजे आपल्याकडची दहावी. नाव बदलून तिला सई म्हणू. जानेवारीत मॉकचे, म्हणजे इयर ११च्या जीसीएसई या बोर्डाच्या परीक्षेच्या सराव परीक्षेचे निकाल आले आणि तिने सिक्स्थ फॉर्मच्या (जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या) अर्जात तीन विषय लिहिले : सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इकॉनॉमिक्स. वडील आयटीत. त्यांना मॅथ्स, फिजिक्स आणि कम्प्युटर सायन्स हवं होतं. आईची काळजी वेगळी होती : “तिन्ही विषय आर्ट्सचेच झाले. उद्या तिचं मन बदललं तर परतीची वाट राहील का?” इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हा प्रश्न नेहमी येतो.

मॉकमध्ये मॅथ्सला ७, इंग्लिश लँग्वेजला ६, लिटरेचरला ५, सायन्सला ७-६, जॉग्रफीला ७ असे ग्रेड होते (९ सर्वांत वरचा). मुलगी कच्ची नव्हती आणि निवडही उथळ नव्हती. फक्त पालक आणि मुलगी दोघांनीही विषयांची नावं पाहून मत बनवलं होतं.

पहिली गोष्ट, इंग्लंडमध्ये सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशा शाखा नाहीत. साधारणपणे तीन ए लेव्हल, म्हणजे सिक्स्थ फॉर्मचे विषय, घ्यायचे, दोन वर्षं शिकायचे आणि इयर १३च्या शेवटी परीक्षा द्यायची. मॅथ्ससोबत सोशिऑलॉजी चालते, केमिस्ट्रीसोबत हिस्टरी चालते. अडवतं ते शाळेचं वेळापत्रक. प्रत्येक शाळा विषयांचे ब्लॉक पाडते, आणि एकाच ब्लॉकमधले दोन विषय एकत्र घेता येत नाहीत. म्हणून प्रॉस्पेक्टसमधली विषयांची यादी पाहून थांबू नये, ब्लॉकचा तक्ता मागून घ्यावा.

वडिलांकडे कुणीतरी पाठवलेली ‘चांगल्या विषयां’ची यादी होती. ती रसेल ग्रुप या नामवंत ब्रिटिश विद्यापीठांच्या गटाची जुनी ‘फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स’ यादी निघाली. त्यात मॅथ्स, सायन्सेस, इंग्लिश लिटरेचर, भाषा, हिस्टरी, जॉग्रफी होते. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इकॉनॉमिक्स नव्हते. ही यादी रसेल ग्रुपने २०१९मध्येच मागे घेतली. आता त्यांच्या ‘इन्फॉर्म्ड चॉइसेस’ संकेतस्थळावर हवा तो पदवी अभ्यासक्रम निवडून त्याला कोणते विषय लागतात ते पाहता येतं. जुनी यादी मात्र पालकांच्या ग्रुपांमध्ये अजून फिरते आणि मुलांचं नुकसान करते.

मग सईला एक काम दिलं : शाळा कोणत्या बोर्डाचा अभ्यासक्रम शिकवते ते विचारायचं, त्या बोर्डाचे मागचे पेपर उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक विषयातला एक मोठा आणि एक छोटा प्रश्न वाचायचा. उत्तर येणं अपेक्षित नाही. नमुना उत्तर आणि गुणदानाचा तक्ता शेजारी ठेवून ‘असं दोन वर्षं लिहायला आवडेल का’ एवढंच पाहायचं.

सायकॉलॉजीने तिला धक्का दिला. माणसं अशी का वागतात, नैराश्य कसं येतं, असं काही तिच्या डोक्यात होतं. तेही आहेच, फोबिया, डिप्रेशन, ओसीडी अभ्यासक्रमात आहेत. पण एक्यूए बोर्डाच्या दुसऱ्या पेपरात ९६पैकी ४८ गुण रिसर्च मेथड्सचे असतात. प्रयोगाची रचना, नमुना कसा निवडला, कोणती सांख्यिकी चाचणी लावायची आणि का, साइन टेस्ट ही सोपी सांख्यिकी चाचणी हाताने सोडवणं, शिवाय न्यूरॉन (चेतापेशी) आणि सिनॅप्स (त्यांमधले जोड). एकूण गुणांपैकी किमान १० टक्के गणिती कौशल्याचे असतात. सायकॉलॉजीला ‘आर्ट्स’ समजून येणारी मुलं इयर १२च्या पहिल्याच सत्रात इथे अडखळतात. सईला उलट हाच भाग आवडला.

सोशिऑलॉजीत ३० गुणांचा निबंध असतो. वर एक उतारा दिलेला, त्यातलं नेमकं काही उचलून स्वतःच्या वाचनाशी जोडायचं आणि मग त्या मताची बाजू तपासायची. समाजाकडे पाहण्याच्या वेगवेगळ्या विचारसरणी, म्हणजे फंक्शनलिस्ट काय म्हणतात, मार्क्सिस्ट काय म्हणतात, हे ओळीने लिहून मुलं थांबतात आणि गुण तिथेच अडकतात, कारण मूल्यमापनाचे गुण वेगळे असतात. लिटरेचरमधला ५ इथे थोडा काळजीचा होता. बऱ्याच शाळा सोशिऑलॉजीला इंग्लिशमध्ये ५ किंवा ६ मागतात. लँग्वेजचा ६ होता म्हणून प्रवेशाची अडचण नव्हती, पण लिहिण्याचा सराव लागणार होता. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी एकत्र घेतले की संशोधनपद्धतींचा भाग दोन्हीकडे येतो. त्याचा फायदा होतो आणि गोंधळही. एका विषयातलं उदाहरण दुसऱ्याच्या पेपरात लिहिलं जातं. दोन वेगळ्या वह्या ठेवणं हा साधा उपाय आहे.

खरा पेच इकॉनॉमिक्सचा होता, आणि सगळ्या चर्चेत पालकांना सर्वांत अनपेक्षित वाटलं ते इथेच. सईला पदवी सायकॉलॉजीची घ्यायची की इकॉनॉमिक्सची हे ठरवता येत नव्हतं. इकॉनॉमिक्सच्या पदवीसाठी एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि केंब्रिज ए लेव्हल मॅथ्स मागतात. ए लेव्हल इकॉनॉमिक्स मात्र मागत नाहीत. म्हणजे सईच्या मूळ यादीत इकॉनॉमिक्स असूनही या विद्यापीठांचं दार बंदच होतं. इकॉनॉमिक्स काढून तिथे मॅथ्स घातलं की ते उघडं राहतं, आणि सायकॉलॉजीलाही मदत होते. सायकॉलॉजीच्या पदवीला बरीच विद्यापीठं एखादा विज्ञान विषय मागतात, त्यात पुष्कळ ठिकाणी मॅथ्स धरतात. पदवी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली हवी, हे आताच टिपून ठेवावं. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर ती लागते. त्यानंतर तीन वर्षांची डॉक्टरेट असते. इंग्लंडमध्ये त्या काळात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून पगार मिळतो, पण जागांसाठी चुरस फार मोठी आहे.

वडील खूश झाले, पण मॅथ्सच्या ७वर लगेच विसंबू नये. जीसीएसई मॅथ्सच्या हायर टियरला, म्हणजे वरच्या पातळीच्या पेपरांना, भूमिती, प्रमाण, संख्याशास्त्र चांगलं असेल तर बीजगणित कच्चं राहूनही ७ मिळू शकतो. ए लेव्हल मॅथ्सची सुरुवातच सर्ड्स (करणी), घातांक आणि वर्गसमीकरणांनी होते. ऑक्टोबरमध्ये मॅथ्स सोडणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं हेच असतं. सईला हायर टियरमधले ८-९ ग्रेडचे फक्त बीजगणिताचे प्रश्न सोडवायला दिले. बैजिक अपूर्णांक आणि पूर्ण वर्ग करण्याची रीत, दोन्हीकडे ती अडली. जूनमध्ये जीसीएसई संपते, शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते. या मधल्या काळात आठवड्यातून चार दिवस अर्धा-पाऊण तास, फक्त बीजगणित, असं ठरलं. सुट्टीत भारतात जाणार असाल तर वही बरोबर न्यावी, हे आईला आवर्जून सांगावं लागलं.

तिच्या शाळेत मॅथ्स आणि सोशिऑलॉजी एकाच ब्लॉकमध्ये होते. जवळच्या मोठ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात ब्लॉक जास्त, त्यामुळे तिथे हे जुळत होतं. दोन्हीकडे अर्ज केले. एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करता येतो, पक्का प्रवेश ऑगस्टच्या निकालानंतरच होतो. निकालात मॅथ्सचा ७ टिकला, लँग्वेजचा ६ही, आणि तिने कॉलेजात मॅथ्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी घेतले.

विषय बदलायचा तर बहुतेक ठिकाणी सप्टेंबरचे पहिले काही आठवडेच मिळतात. उशीर झाला की बुडालेला भाग एकट्याने भरून काढावा लागतो. शिवाय इयर १२च्या अखेरच्या चाचण्यांवर शिक्षक अपेक्षित ग्रेड ठरवतात आणि यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जात तेच जातात, त्यामुळे हे वर्ष सवय होण्यात घालवून चालत नाही. सोशिऑलॉजीचे निबंध जमले नाहीत तर काय, हेही सईने आधीच विचारून ठेवलं आहे : तिथे जॉग्रफी त्याच ब्लॉकमध्ये आहे, जागा शिल्लक असेल तर बदल होतो. त्यात २० टक्के गुण स्वतंत्र प्रकल्पाचे आणि किमान चार दिवस क्षेत्रभेटीचे असतात. ते तिला मान्य आहे. वेळ लावून लिहिलेले पहिले दोन निबंध तपासून आले की त्यावर निर्णय घ्यायचा आहे.