परसात वटवाघळांसाठी घर बांधलं तर ती येतील का, आणि माप काय ठेवायचं?

तुम्ही म्हणताय फोंड्याकडे घर आहे, परसात डास फार, म्हणून वटवाघळांना घर बांधायचंय. चांगला विचार आहे, जरूर बांधा. फक्त आंब्याचिकूवर येणारी मोठी वटवाघळं यात येत नाहीत, ती झाडालाच लटकणार. येतील ती किडे खाणारी छोटी, जी जुन्या घरांत कौलांखाली, वाशांच्या फटीत राहायची. आता सगळीकडे स्लॅब आणि पत्रे आले, त्यांनी जायचं कुठे?

त्यामुळे खोका नाही, फट बनवायची हे डोक्यात ठेवा. दोन फळ्यांमध्ये पाऊण ते एक इंच, त्याहून जास्त नकोच, उंची किमान 2 फूट, रुंदी 14 इंच किंवा जास्त, खालची बाजू पूर्ण उघडी. मागची फळी 3 ते 6 इंच खाली सोडायची, तिच्यावर उतरून ती सरपटत वर चढतात. मेस्ताला, म्हणजे सुताराला, आधीच सांगा की आतून रंधा मारू नको, पॉलिश तर नाहीच, उलट करवतीने अर्ध्या अर्ध्या इंचावर आडव्या बारीक खाचा पाडायच्या, गुळगुळीत फळीवर त्यांची नखं टिकत नाहीत.

आपल्याकडे एप्रिल-मेचा उकाडा बघता बाहेरून फिका वॉटर-बेस्ड रंग द्या आणि समोरच्या फळीत खालून 6 इंचावर अर्ध्या इंचाची आडवी चीर ठेवा, हवा खेळते. पावसासाठी वर उतरतं छप्पर, सांधे सीलंटने बंद, खिळे नकोत स्क्रूच मारा.

झाडावर लावू नका, मांजर आणि साप सहज पोचतात. घराच्या भिंतीवर 12 फुटांच्या वर लावा, तोंड शक्यतो पूर्वेला म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि पश्चिमेची झड चुकते. बाहेरचा लाइट त्यावर पडता कामा नये, आणि खाली विहीर किंवा दार नको कारण लेंड्या पडणार.

यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, पकडून आणून ठेवायच्या भानगडीत पडू नका. खाली काळ्या लेंड्या दिसल्या तर काडीने दाबून बघा, उंदराची असेल तर कडक लागते, वटवाघळाची असेल तर लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात, मग समजा आलीत. झाडताना आधी पाणी मारा, मास्क लावा, आणि खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने अजिबात उचलू नका, रेबीजचा धोका असतो. सगळे डास तीच संपवतील असं मात्र धरून चालू नका, साचलेलं पाणी तुम्हालाच काढावं लागेल.