पेशीची बोटं मोटर प्रोटीन ढकलत नाही, मग तिथे ते करतं काय?

ऐरोलीहून तू विचारलंयस की क्लासच्या नोट्समध्ये "मोटर प्रोटीन आतून पडदा ढकलतं म्हणून पेशीला बोटं फुटतात आणि ती चालते" असं लिहिलंय ते बरोबर आहे का, आणि यूट्यूबवर दोन पायांनी ठुमकत चालणारं जे प्रोटीन दाखवतात तेच इथे असतं का. दोन्हीचं उत्तर नाही. (मोटर प्रोटीन म्हणजे पेशीतल्या तंतूंवरून इंधन खर्च करत चालणारं प्रोटीन.) पण नोट्स लिहिणाऱ्याचा घोळ कुठून आला असेल ते कळतं, कारण मोटर तिथे असतं खरं, अगदी बोटाच्या टोकाशीच.

व्हिडिओतलं ते कायनेसिन, ते चालतं मायक्रोट्यूब्यूलवर, म्हणजे पेशीतल्या पोकळ नळ्यांवर. ही बोटं, म्हणजे फिलोपोडिया, आतून अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनच्या तंतूंची असतात, साधारण १० ते ३० तंतू सगळे एकाच दिशेला तोंड करून आणि फॅसिन नावाच्या प्रोटीनने गच्च बांधलेले. अ‍ॅक्टिनवर चालतं ते मायोसिन. स्नायूमधलं मायोसिन आपण शाळेत शिकतो, पण त्याचं खानदान बरंच मोठं आहे आणि तुझ्या प्रश्नातलं मोटर म्हणजे मायोसिन १०.

ढकलतं मग कोण, तर अ‍ॅक्टिन स्वतःच. पेशीचा पडदा उष्णतेमुळे सतत थरथरत असतो, मध्येच जराशी फट पडली की तंतूच्या टोकाला अ‍ॅक्टिनचा नवा कण येऊन बसतो, आणि मग पडद्याला परत मागे यायला तेवढी जागाच उरत नाही. एका कणाने तंतू वाढतो जेमतेम २.७ नॅनोमीटर, पण असे तंतू जुडीने एकत्र वाढले की पडदा ताणला जातो आणि बोट बाहेर येतं. टोकाला फॉर्मिन नावाचं प्रोटीन बसलेलं असतं ते हे कण भराभर जोडायला मदत करतं. याला मोटर लागत नाही हे कशावरून, तर लिस्टेरिया नावाचा जिवाणू आपल्या पेशीत शिरून अ‍ॅक्टिनची शेपटी बनवत पळतो, आणि १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने हाच पळण्याचा प्रकार शुद्ध केलेली मोजकी प्रोटीन्स एकत्र घालून पेशीच्या बाहेर करून दाखवला, त्यात मायोसिन नव्हतंच. माझ्या मते हा एकच प्रयोग नोट्समधलं ते वाक्य खोडायला पुरेसा आहे.

आता मायोसिन १०. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम चालू असताना वरचा तो अवाढव्य गर्डर बघितला असशील, जेवढं बांधून झालंय त्याच्यावरच पाय रोवून तो पुढे सरकतो, पण मार्ग लांब होतो तो नवे सेगमेंट जोडल्यामुळे, गर्डरने धक्का दिल्यामुळे नाही. मायोसिन १० असंच तयार अ‍ॅक्टिनवरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करत टोकापर्यंत जातं. बर्ग आणि चेनी यांनी २००२ मध्ये ते चमकणारं करून जिवंत पेशीत बघितलं, बोटाच्या आत ठिपके पुढे जाताना दिसले आणि मागे येतानाही. मागे का, तर इथे तुलना तुटते, कारण अ‍ॅक्टिनचा अख्खा रस्ताच हळूहळू पेशीच्या आत सरकत असतो, म्हणजे टोकाला जेवढं जोडलं त्यातून मागे गेलेलं वजा केलं की बोटाची खरी वाढ मिळते.

तिथे जाऊन ते करतं काय? एक म्हणजे, पेशीच्या कडेला विखुरलेल्या तंतूंची टोकं एका जागी गोळा करायला त्याची मदत होते, बोटाचा पायाच तिथे पडतो. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्याच्या शेपटीला इंटिग्रिन धरता येतं, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटणारं प्रोटीन बोटाच्या टोकापर्यंत पोचतं. बोट नुसतं बाहेर आलं आणि कुठे चिकटलं नाही तर थोडा वेळ हवेत हलल्यासारखं हलून परत आत जातं. पेशीत मायोसिन १० जास्त भरलं तर बोटं संख्येने आणि लांबीने वाढतात.

चालण्यात आणखी एक जण आहे, मायोसिन २, हे स्नायूवाल्याचं सख्खं भावंड. ते आकुंचन घडवतं, मागचा भाग ओढून सोडवतं. याच्याशिवाय पेशी जागची हलणारच नाही असं खूप दिवस मानत होते, मग १९८७ मध्ये डिक्टिओस्टेलियम नावाच्या अमीबात ते काढून टाकलं तर तो बिचारा तरीही रांगला! हळू आणि वेडावाकडा, पण रांगला. त्याच अमीबातून मायोसिन ७ काढलं तर मात्र बोटंच येईनाशी झाली आणि चिकटणंही बिघडलं. म्हणजे "मोटर प्रोटीनमुळे पेशी चालते" असं सरसकट लिहिण्यात अर्थ नाही, कुठलं मोटर आणि कुठल्या कामाला ते सांगावंच लागतं.

कॅन्सरबद्दल तू शेवटी विचारलंयस ते थोडक्यात: पसरणाऱ्या बऱ्याच कॅन्सरमध्ये फॅसिन वाढलेलं सापडतं आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये मायोसिन १० चाही संबंध दिसलाय. तुला या बाजूला जायचं असेल तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, तुझ्यापासून फार लांब नाही, एमएस्सीच्या आधी त्यांच्या साइटवर ट्रेनिंगची माहिती बघून ठेव.

आणि कॉलेजात फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असेल तर मॅडमना विचारून माशाच्या खवल्यावरच्या पेशी बघ, केराटोसाइट म्हणतात. मिनिटाला १० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही जास्त सरकतात, नुसत्या पंख्यासारख्या पसरट कडेच्या जोरावर. बोटं जवळपास नसतातच त्यांना.