वाचक विचारतात : दिवसभर गळ टाकून बसण्यात काय मिळतं?

प्रश्न : माझे सासरे निवृत्त झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे बांबूची काठी घेऊन नदीवर जातात आणि दिवेलागणीला परततात. बहुतेक वेळा पिशवी रिकामीच असते, पण चेहरा प्रसन्न. आता त्यांनी मला ‘एकदा चल’ म्हटलंय. दिवसभर पाण्याकडे बघत बसण्यात नेमकं काय मिळतं? आणि गेलेच तर मी तिथे करायचं काय?
— एक सून

उत्तर : जरूर जा. वाचायला पुस्तक नेऊ नका, फोन पिशवीच्या तळाशी ठेवा आणि उजाडण्याआधी पोहोचा. माझ्या मते या दिवसाचा सगळ्यात देखणा भाग गळ पाण्यात पडण्याच्या आधीचा असतो.

सासरे काठावर आल्या आल्या गळ टाकणार नाहीत, आधी नुसते बघतील. तुम्हीही बघा. नदी वळण घेते तिथे बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खरवडत जातो, तिथे पाणी खोल. आतल्या अंगाला वाळू साचून उथळ. पाण्यात एखादा मोठा दगड असेल तर त्याच्या मागे पाणी मंदावतं. धावती धार आणि हे संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात, तिथे फेसाची बारीक रेघ दिसते. त्या रेघेवर लक्ष ठेवा. मासा संथ पाण्यात ताकद राखून थांबतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं उचलतो. हे एकदा कळलं की पाण्याचा एकसारखा वाटणारा पट्टा एकदम वाचता येऊ लागतो. मला वडिलांनी लहानपणी हेच आधी शिकवलं, काठी बऱ्याच उशिरा हातात दिली.

काठावर वाकून चाला आणि खाली बसा. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेलं दिसतं. जमिनीलगतचं दृश्य त्या गोलाच्या अगदी कडेला चेपलं जातं. त्यामुळे उभा माणूस त्याला दिसतो, बसलेला त्या कडेत जवळजवळ हरवतो. बोलण्याची मात्र धास्ती नको. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच जवळजवळ सगळा परत फिरतो. पावलांचा दणका जमिनीतून थेट पाण्यात उतरतो आणि माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला, म्हणजे कुशीवरून जाणाऱ्या संवेदनशील रेघेला, ती थरथर जाणवते. तेव्हा हळू आवाजात खुशाल बोला, पाय आपटू नका. इतके तास शेजारी बसल्यावर, एकमेकांकडे न पाहता, माणसं घरात कधी न बोललेलं बोलतात. तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला बोलावलंय, त्यात हेही असेल असं मला मनापासून वाटतं.

आता बूच, म्हणजे दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा. दिवसभर नजर तिथेच खिळते आणि तेच सगळं सांगतं. चिल्लीपिल्ली मासळी गांडुळाला टोचे मारते तेव्हा बूच थरथरतं, भोवती बारीक वलयं उठतात. तेव्हा हात आवरायचा. धारेतला मासा चारा घेऊन निघाला तर बूच तिरकं होऊन सरळ खाली जातं. आणि तळाशी चरणारा, कार्पच्या कुळातला मासा लागला तर उलटंच घडतं : तो चारा उचलतो, त्याबरोबर तळाला टेकलेलं वजनही उचललं जातं, आणि उभं असलेलं बूच आधी वर येतं, मग पाण्यावर आडवं पडतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. त्याच क्षणी काठी उचलायची असते, हिसका न देता, नुसतं मनगट वर. दोरी ताणली जाते आणि पाण्याखालचा जीव काठीतून थेट तळव्यात कळतो. ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. काठी त्यांच्याकडून एकदा हातात मागून घ्या.

दुपारी काही घडणार नाही. कंटाळा येईल, येऊ द्या. साधारण तासाभराने तो ओसरतो आणि मग दिसायला लागतं : पाण्यावर धावणारे निवळीचे किडे, फांदीवरून सूर मारणारा खंड्या, त्याच दगडावर पुन्हा पुन्हा येऊन बसणारा चतुर. सासऱ्यांचा प्रसन्न चेहरा इथून येतो, असा माझा अंदाज आहे. रिकाम्या पिशवीचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांनाही ते वाटत नाही.

प्रश्न : माळ्यावर आजोबांची बांबूची काठी सापडली. दोरी कुजली आहे, गळ गंजलाय. काठी पुन्हा वापरता येईल का? रीळ बसवावं लागेल का?
— एक नातू

उत्तर : रीळ अजिबात नको. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर ‘तेंकारा’ नावाची जुनी पद्धत आहे, त्यात काठी, दोरी आणि गळ एवढंच असतं. लहान नदीला तेवढं पुरतं.

आधी काठी बोटांनी पेरापेराने चाचपा. उभी चीर, भुशासारखी पूड किंवा दाबल्यावर मऊ लागणारी जागा सापडली तर ती काठी भिंतीवर मानाने टांगा, पाण्यावर नेऊ नका. धड असेल तर ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ठेवताना शेंड्याला दोरा बांधून उभी टांगा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की ती वाकते.

दोरी नवी घ्या. आजोबांची बहुधा सुती किंवा रेशमी असेल. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं आणि पुढे गळाच्या दोरीत त्यानेच जागा घेतली. पण तेही उन्हाने कमजोर होतं, म्हणून अधूनमधून बदलावं. सुरुवातीला दोरी काठीच्या लांबीएवढीच ठेवा. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कच्चं पडतं. ऐन वेळी दोरी तुटते ती बहुधा गाठीपाशी.

वजनासाठी शिसं वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाणपक्षी खड्यांबरोबर शिशाचे मणी गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मेल्यावर १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिसवजनांवर बंदी आली. कथलाचे मणी तेच काम करतात. आणि तुटलेल्या नायलॉनचा एकही तुकडा काठावर सोडू नका. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

गळ मात्र फेकायच्या आधी एकदा हातात धरून बघा. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या गुहेत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे, सागरी गोगलगायीच्या शिंपल्यातून घासून केलेले गळ मिळाले आहेत. वाकवलेलं टोक आणि त्यावर चारा ही कल्पना तितकी जुनी आहे.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. काकांबरोबर नदीवर जायला मला खूप आवडतं, पण माशाला दुखत असेल या विचाराने घरी आल्यावर रडू येतं. मी जाणं सोडू का?
— एक वाचक

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळावा असं मला वाटत नाही. २००३ साली रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू आढळले. त्याला आपल्यासारखं दुखतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. मी मात्र दुखतं असं धरूनच वागते.

म्हणून गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट करते, म्हणजे गळ एका वळणात निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करते, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थरच त्याला रोगांपासून वाचवतो. खायचा असेल तर डोक्यावर एकच नेमका घाव घालून लगेच मारायचा, तडफडत ठेवायचा नाही. सोडायचा असेल तर शक्यतो पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून धरायचा आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबायचं. अंडी घालायच्या हंगामात गळ टाकायचाच नाही. काकांना हे सगळं सांग, तुझं नक्की ऐकतील.

एवढं करूनही मन मानत नसेल तर गळाशिवाय जा. त्याने दिवस उणा होत नाही. पाणी २० अंश सेल्सिअसला असताना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. अशा कोमट पाण्यात झुंज देऊन दमलेला मासा सोडला तरी अनेकदा जगत नाही. त्यामुळे कडक उन्हाळ्यात मीही काठी घरी ठेवते आणि नुसतीच नदीवर जाते.